समोरून चार दिवे, मागून तीन-तीन

हरसिंग, तुझा शो माझ्याकडे आहे. चष्म्याच्या डबीत, काच पुसायच्या कपड्यात गुंडाळून ठेवला आहे. गाडीच्या तोंडावरच्या जाळीला तुम्ही गॅरेजवाले शो म्हणता हे मला तुझ्याचकडून कळलं. तोवर मी आपला चित्रकलेचा मास्तर, शो म्हटलं की मला टॉकीज आठवायची. करंगळीएवढी प्लास्टिकची पट्टी. तिच्यात चार गोल खळगे, चार दिव्यांचे, आणि एका कडेला कंपनीची तिळाएवढी खूण. तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. रोज सकाळी चष्म्यासाठी डबी उघडतो, तर चष्म्याच्या आधी ते चार खळगे माझ्याकडे पाहतात.

चोरला म्हण. मी तरी त्याला चोरीच म्हणतो आहे.

तुझ्यासमोर बसलं की माझी जीभ आपोआप वऱ्हाडी 'काहून बे'वर यायची. कागदावर मात्र शाळेचा फळा आडवा येतो, शुद्धलेखन सुटत नाही. हसू नको. तू हसायचास तेव्हा तुझे खांदे हलायचे आणि टेबल हलायचं, आणि नेमका तेव्हाच माझ्या चिमट्यात एखादा आरसा नाही तर दाराची कडी असायची. सुटलं की गेलं. मग आपण दोघं गुडघ्यावर बसून तुझ्या गॅरेजच्या फरशीवर तो तांदळाएवढा तुकडा शोधायचो. दोन म्हातारे जमिनीला नाक लावून काय हुंगतात, म्हणून यवतमाळ रोडवरची माणसं सायकल थांबवून पाहायची.

तुझी-माझी ओळख माझ्या स्कूटरच्या चेमटलेल्या मडगार्डमुळे झाली. तू अख्ख्या दारव्ह्यातला नावाजलेला डेंटर, गाड्यांचे पोचे काढणारा. मी आलो तेव्हा तू काम सोडून एका निळ्या पत्र्याच्या खेळण्याशी खटपट करत होतास. लांब नाकाची, ढुंगण उचललेली मोटार. डब्याचा पत्रा कापून, ठोकून बनवलेली. मी मास्तर माणूस, मला राहवतं का? म्हटलं, चाकं मोठी झाली. तू मान वर न करता विचारलंस, "किती?" मी खिशातून पट्टी काढली. खिशात पट्टी ठेवणारा माणूस तुला पहिल्यांदाच भेटला होता, आणि 'किती' असं विचारणारा मला.

मग माझ्या मुलीनं पुण्याहून ते पहिलं खोकं पाठवलं. सुटे भाग जोडून बांधायची अमेरिकन मसल कार, खरीच्या पंचविसाव्या हिश्शाची. मसल म्हणजे काय, तू विचारलंस. मी दंड फुगवून दाखवला, म्हणजे जो काय फुगला तो. तू म्हणालास, म्हणजे पहिलवान गाडी. तेव्हापासून बारा वर्षं आपण पहिलवान गाड्याच बांधल्या. प्लास्टिकच्या चौकटीत ते सगळे भाग देठांनी अडकलेले असायचे आणि तू त्या चौकटीला तुरीची फांदी म्हणायचास. नेलकटरनं एकेक शेंग तोडायची, देठाचा खुंट पाणीपेपरनं घासायचा, मग चिकटवायला सोल्युशन. चिकटवलेला तुकडा बोटानं दाबून धरलास की तू तुमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत मोजायचास, साठपर्यंत. एक, दी, तीन, चार. "दोनले आम्ही दी म्हणतो, बाकी बहुतेक तुमचंच आहे," असं तू मला सांगितलंस, जसं काही आकडे माझ्या बापाचे होते.

पहिल्याच गाडीत मी माती खाल्ली. कागदावर लिहिलं होतं, बॅटरी डावीकडे. मी गाडी समोर धरली, माझ्या डाव्या हाताला पाहिलं आणि चिकटवून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तू आलास, बोनेट उचललंस आणि म्हणालास, मास्तरनं कधी बंडी हाकली नाही वाटते. डावा बैल कोणता हे बंडीत बसून ठरते, बैलासमोर उभं राहून नाही. "गाडीचं डावं-उजवं बसणाऱ्याचं असते, पाहणाऱ्याचं नाही." मी खजील झालो आणि चिडलोही, कारण मी पस्तीस वर्षं मुलांना आरशातलं चित्र शिकवलं होतं. ती बॅटरी अजून चुकीच्या बाजूला आहे. तू काढू दिली नाहीस, आठवण म्हणून राहू दे म्हणालास.

दुपारचे दोन ते चार. तेवढाच आपला वेळ. शटर अर्धं खाली, टिनाच्या छपराला खिळ्यांची भोकं, आणि त्या भोकांतून उन्हाचे ठिपके टेबलावर पडायचे. ते ठिपके सरकायचे आणि तू गाडी त्यांच्यासोबत सरकवायचास, की जे करतो आहे त्याच्यावरच ऊन पडावं. सोल्युशनचा वास, बाहेर काळीपिवळी जीपवाल्याची 'दिग्रस, दिग्रस' अशी हाक, आणि आपण दोघं त्या पंचविसाव्या हिश्शात उतरलेलो. मला तेव्हा खरंच वाटायचं की आपण अडीच इंचाचे झालो आहोत. पाणीपेपरची भुकटी रस्त्याच्या मुरमासारखी दिसायची. एकदा दार लावताना माझ्या श्वासानं ते हललं, आणि मला वाटलं आत कोणी बसलं आहे, त्यानंच ओढून घेतलं. मी तुला सांगितलं नाही. तू हसला असतास आणि दार पडलं असतं.

त्या निळ्या गाडीची गोष्ट तू मला तिसऱ्या वर्षी सांगितलीस. तोवर मला ती अख्ख्या तालुक्याकडून ऐकून पाठ झाली होती. तू विशीतला, दारव्ह्याच्या बाहेर सडकेच्या कामावर. कापसाचे दिवस. सडकेनं एक फिरंगी आणि त्याची बायको मोठी निळी गाडी घेऊन आले आणि ती वाफा सोडत तुमच्याजवळच बंद पडली. तू बोनेट उघडून पाणी टाकलंस. मग मागून ढकललंस. गाडी सुरू झाली तशी त्या बाईनं मागचं सामान सरकवून स्वतःला जागा केली आणि तुला पुढं बसायची खूण केली. तू तसाच, सडकेच्या धुळीनं माखलेला, बसलास. यवतमाळ मागं पडलं, पार कळंबपर्यंत. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, आणि मधून ती निळी गाडी. तू म्हणायचास, आवाज यायचा पण हादरा यायचा नाही, जसं कोणी आपल्याला उचलून नेऊन राह्यलं. कळंबला चिंतामणीच्या देवळाजवळ गाडी थांबली, अर्धं गाव जमलं, आणि गावानं पाहिलं की उजव्या बाजूला, जिथं ड्रायव्हर बसतो तिथं, तांड्याचा हरसिंग बसला आहे.

झालं. तुझ्या तांड्यात, सासुरवाडीत, बाजारात, पन्नास वर्षं हीच गोष्ट चालली: हरसिंगनं फॉरेनची गाडी कळंबपर्यंत चालवत नेली. परदेशी गाडीचं स्टेअरिंग डावीकडे असतं हे इथं कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती गोष्ट तुझ्या आधी शांताभाभींच्या घरी पोचली आणि लग्न जमलं. मला तू खरं सांगितलंस. "मी नुसता बसेल होतो, मास्तर. हात मांडीवर." आणि लगेच, "पण शांतीले नको सांगजो. तिनं गाडी चालवणाऱ्याशी लग्न केलं आहे." मी म्हटलं, दाराच्या फटीचं माप चुकलं तर तू झोपत नाहीस आणि एवढी मोठी चूक पन्नास वर्षं पोसली? तू खांदे हलवत हसलास. म्हणालास, ते माप वेगळं आहे.

मी एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. मी कळंबचा, हे तुला ठाऊक होतं, त्यापुढचं नाही. आमचं घर देवळापासून हाकेच्या अंतरावर. ती गाडी आली त्या दिवशी मी मामाकडे मुकुटबनला गेलो होतो. परत आलो तर वर्गातला प्रत्येकजण त्या गाडीबद्दल बोलत होता. कोणी बंपरला हात लावला होता, कोणी आरशात स्वतःचं तोंड पाहिलं होतं. अख्ख्या कळंबनं पाहिली, मी पाहिली नाही. मला आयुष्यभर वाटत आलं की माझ्याशिवाय जग एकदाच काय ते सुंदर झालं, आणि ते त्या दिवशी. मग तू भेटलास, जो त्या गाडीच्या आत होता. हेवा म्हणतात तो हाच. बारा वर्षं मी तुझ्यासमोर बसून पट्टीनं तुझं माप काढत होतो ते त्यातूनच असेल.

गेल्या वर्षी तू म्हणालास, आता ती बांधू. तीच. कागदावरची कोणतीही नाही, सडकेवरची. मुलीकडे फोटो मागितले, संगणकावर शोधलं. मॉडेल सापडलं, लांब नाक, उचललेली पाठ. तू पाहताक्षणी म्हणालास हीच. आणि मग घोळ झाला. तुला आठवत होतं: समोरून चार दिवे, मागून तीन-तीन उभे. फोटोंत एका सालच्या गाडीला समोर दोन दिवे, मागं तीन-तीन. त्याच्या पुढच्या सालच्या गाडीला समोर चार, पण मागं एकच लांब पट्टा. चार आणि तीन-तीन एकत्र, अशी गाडी त्या कारखान्यातून कधी बाहेरच पडली नव्हती. मी चार वेळा तपासलं. तू म्हणालास, दोन्ही खोकी मागव. एकाचं तोंड घेऊ, दुसऱ्याची पाठ. मी मागवली, कुरकुरत.

सहा महिने तू ते काम केलंस. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि मला दिसत होतं की तुझा निळा जुळत नाही. बोनेट आणि पुढचे पंखे, म्हणजे चाकांवरचे पत्रे, एका निळ्याचे, दारापासून मागं सगळं दुसऱ्या, उडालेल्या निळ्याचं. मी म्हटलं, डोळे दाखव, रंग दोन झाले. तू म्हणालास, "होते तसे झाले." मी समजलो, म्हाताऱ्याची सबब.

आता त्या दुपारचं. फक्त शो लावायचा राहिला होता. तू सोल्युशनची बाटली उघडलीस आणि मी तुझ्या हाताखालून शो उचलला. म्हटलं, हरसिंग, ही खोटी गाडी मी होऊ देणार नाही. बारा वर्षं आपण एकेका स्क्रूसाठी भांडलो, आणि शेवटी हे? अशी गाडी जगात नव्हती. तू शांतपणे म्हणालास, मी पाणी टाकलं ना बाप्पा, त्या चार दिव्यांच्या मधात उभं राहून. मी म्हटलं, आठवण आहे, पन्नास वर्षांची, फसते. तू म्हणालास, मागून ढकललं ना मी, हाताचे ठसे पडले त्या तीन-तीन दिव्यांवर. आणि मग मी ते बोललो. मुकुटबनला गेलेलं ते पोर माझ्या तोंडून बोललं.

"तू त्या गाडीत बसलाच नसशील."

तू हात पुसलेस. एकेक बोट पुसलंस. बाटलीचं झाकण लावलंस. म्हणालास, "बसणाऱ्याचं डावं वेगळं असते, मास्तर." एवढंच. मी शो खिशात घालून घरी आलो. अठरा दिवस आलो नाही. मला वाटलं, तू येशील. तू कायले येशील? चूक माझी होती. एकोणिसाव्या दिवशी दुपारी, दोन ते चारच्या मधात, टेबलापाशी, तुझ्या स्टुलावर तू गेलास. मी घरी पंख्याखाली पडलो होतो आणि मला, तू मान किंवा नको मानू, निळ्या गाडीचं स्वप्न पडत होतं. पांढऱ्या शेतांतून चालली होती, सडक सोडून, कापसाच्या झाडांच्या वरून, एक बोंड न हलवता. उजवीकडे तू होतास. मी हात केला. तू पाहिलं नाहीस.

परवा गॅरेजात गेलो. पाय आपोआप गेले, दोन वाजले होते. करीमभाई, तुझा जोडीदार, एकटाच होता. दिग्रसवाली काळीपिवळी उभी होती, मागच्या महिन्यात ट्रॅक्टरला धडकलेली. तो तिला तोंड बसवत होता. नवं, दुसऱ्याच मॉडेलचं, नागपूरच्या भंगारातून आणलेलं. समोरून पाहसान तं नवीन, मागून पाहसान तं म्हातारी, असं म्हणाला. सवयीनं मी विचारलं, ही नेमकी कोणत्या सालची? करीमभाईनं पान्हा खाली ठेवला.

"कागदावर एक आहे, मास्तर. रोडवर दोन आहेत."

मी म्हटलं, समोरचा रंग जुळवला नाही तुम्ही. तो म्हणाला, ऊन खाल्लेला रंग डब्यात भेटत नाही.

हरसिंग, मी तिथं ऑइलच्या डब्यावर बसलो. तुझ्या टेबलावर ती गाडी रुमालाखाली होती. मी रुमाल काढला. पुढचा निळा ताजा, मागचा उडालेला. होते तसे झाले. तू सहा महिने सांगत होतास. जी गाडी किती मुलखांच्या सडका तुडवून दारव्ह्यापर्यंत आली, तिचं तोंड कुठं तरी फुटलं असेल, कोणी तरी करीमभाईनं दुसऱ्या सालचं तोंड बसवलं असेल, डब्यातला निळा मारला असेल. दारव्ह्यातली निम्मी वाहनं अशीच आहेत. मी रोज त्यांच्यात बसून फिरतो. आणि मी छापील फोटो हातात धरून म्हणत होतो, अशी गाडी जगात नव्हती.

एक कळत नाही. तू डेंटर. हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. का बोलला नाहीस? मी दोन दिवस विचार करतो आहे आणि एकच उत्तर येतं. तुला जिंकायचं नव्हतं. एका माणसानं, ज्याच्या खिशात पट्टी असते अशा माणसानं, पट्टी न काढता तुझ्यावर विश्वास ठेवावा एवढंच तुला पाहिजे होतं. तेवढं एक मला जमलं नाही. मला वाईट वाटतं असं लिहून भागत नाही. मला माझी लाज वाटते, हरसिंग.

शो द्यायचा आहे. कोणाला द्यायचा ते समजत नाही.

हे वरचं लिहून पाच दिवस झाले. काल तुझी तेरवी झाली. मी तांड्यावर आलो होतो, डबी वरच्या खिशात. लिंबाखाली पंगती झाल्या, मग म्हातारे बसले आणि तुझ्या गोष्टी निघाल्या. अर्धं गोर बोलीत चालायचं, मला समजावं म्हणून कोणी मधेच वऱ्हाडीवर यायचं. ती गोष्ट निघणारच होती. निळी गाडी, पांढरी शेतं, उजवीकडे हरसिंग. सांगणारा हातांनी स्टेअरिंग फिरवून दाखवत होता. शांताभाभी भिंतीला टेकून ऐकत होत्या. तेवढ्यात तुझा एक भाचा, नागपूरला कुठल्या तरी कंपनीत असतो, चांगला शिकलेला, म्हणाला की मामा उजवीकडे होते तर चालवत कसे असतील? फॉरेनच्या गाडीचं स्टेअरिंग तर डाव्या बाजूनं असते. तो काही वाईट मनानं बोलला नाही. त्याला ठाऊक होतं ते त्यानं सांगितलं. मी त्याच्यासारखाच होतो, म्हणून मला कळलं.

सांगणाऱ्याचे हात हवेतच थांबले. कोणी तरी म्हणालं, मास्तरले विचारा, मास्तर गाड्यांतले आहेत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भाभींनीही. एक म्हातारा म्हणाला, आणि तुम्ही तर कळंबचेच ना?

हरसिंग, बारा वर्षं तुझ्या गॅरेजात मी एकच काम केलं, चूक दाखवायचं. पंचविसाव्या हिश्शातली केसाएवढी चूक मला झोपू देत नव्हती. मुकुटबन माझ्या ओठांपर्यंत आलं होतं.

"चालवत होता," मी म्हटलं. "मी होतो ना देवळापाशी. मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं."

भाचा हसून म्हणाला, मग असेल एखादी उजव्या स्टेअरिंगची. मी म्हटलं, गाड्यांमध्ये सगळं असतं बाबा, समोरून एक, मागून एक. म्हातारे पुन्हा सुरू झाले. आणि तू मान किंवा नको मानू, मला खरंच दिसायला लागलं. देवळाची पायरी, धूळ, ती गाडी हळू येताना, चार दिवे. उजवीकडे तू. या वेळी तू माझ्याकडे पाहिलंस.

निघताना भाभी दारापर्यंत आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, "मास्तर, थे बाजूले बसेल होते. हात मांडीवर. मले लग्नाच्या तिसऱ्या दिवशी सांगतलं त्यायनं."

तू त्यांना सांगितलं होतंस आणि मला म्हणाला होतास, शांतीले नको सांगजो. त्यांनाही म्हणाला असशील, मास्तरले नको सांगजो. दोघांना एकच गोष्ट, वेगवेगळी गुंडाळून. मी माझ्या खोटेपणाची माफी मागायला लागलो. त्याच म्हणाल्या की बरं केलं, लोकायले तशीच आवडते. मग विचारलं, शो आणला का?

मी म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं?

"रोज म्हणत ना थे. मास्तर रागावला आहे, पण येईल. शो घेऊनच येईल."

रोज. अठराच्या अठरा दिवस तू त्या स्टुलावर बसून माझी वाट पाहत होतास, आणि मी घरी पंख्याखाली बसून तुझी. भाभींनी गॅरेजची किल्ली पदरातून सोडून माझ्या हातात दिली.

आज दोन वाजता गेलो. शटर अर्धंच उघडलं. ऊन टेबलावर होतं, ठिपके होते त्याच जागी. तुझ्या स्टुलावर बसलो, पहिल्यांदाच. माझी जागा समोरची होती, तुला ठाऊक आहे. रुमाल काढला. डबीतून शो काढला. त्याच्या एका कडेला ती तिळाएवढी खूण आहे, ती डावीकडे आली पाहिजे. गाडी समोरून धरली असती तर मी पुन्हा माती खाल्ली असती. मी गाडी फिरवली, तिचं शेपूट माझ्याकडे, तोंड पलीकडे, आणि मनानं आत नीट बसून पाहिलं की डावं कोणतं. उजव्या सीटवरून पाहिलं. मग सोल्युशन लावलं आणि हात पुढं नेऊन शो बसवला. तो एवढा बरोबर बसला की मला पट्टी काढायची आठवणही झाली नाही.

बोट दाबून धरलं. ऊन सरकलं तशी गाडी थोडी सरकवली. बाहेर 'दिग्रस, दिग्रस' चालू होतं. मी मोजायला लागलो, तुझ्या बोलीत, मोठ्यानं. एक, दी, तीन, चार. साठ झाले तरी मी बोट काढलं नाही, पुन्हा एकपासून सुरू केलं.